तळाचा घोट

ज्याला दिवसभरात जेमतेम लिटरभर पाणी मोजून मिळतं, त्याला दुसऱ्यांचे ग्लास फार दिसतात. मी त्यातलाच. माझी दोन्ही मूत्रपिंडं संपावर गेली त्याला आता दोन वर्षं होऊन गेली, आणि तेव्हापासून आमच्या घरात कोण किती पितं, कसं पितं, कोण अर्धा ग्लास बेसिनमध्ये ओतून मोकळं होतं, याचा माझ्याइतका अभ्यास कुणाचाच नसेल. बायको उभ्याउभ्या पिते, एका दमात, कुणी पाठीमागे लागल्यासारखी. माझी धाकटी बहीण मात्र खुर्चीत बसून, सावकाश पिते. तिला घरात आणि मैदानावर सगळे भिंगरीच म्हणतात, पण सरबत पिताना तिच्यात भिंगरीसारखं काही नसतं. शेवटचा घोट ती मुद्दाम ठेवते. मग ग्लास हातात धरून गोल गोल फिरवते, तळाशी बसलेलं पांढरं वर आणते आणि मग ते तोंडात ओतते. तरीही दोन-चार कण राहतातच. ते ती बोटाने पुसून खाते. माझ्यासमोर, मी ओठांवरून जीभ फिरवत बसलेलो असताना.

ते पांढरं म्हणजे क्रिएटिनची पावडर. भिंगरी फुटबॉल खेळते, डाव्या बगलेवरून धावते. गेल्या हंगामात क्लबच्या फिजिओने सगळ्या मुलींना ही पावडर सुरू करायला सांगितली. तेव्हा मी त्याला आडवा घेतला होता. म्हटलं, माझ्या बहिणीला काय खायला घालतोस? तो जुना मित्र आहे, त्याच्या इमारतीची लिफ्ट वीस वर्षं मीच सांभाळली. त्यामुळे रागावला नाही. म्हणाला, ही काही बंदी असलेली गोष्ट नाही, आपलं शरीरसुद्धा हे थोडंथोडं तयार करतं, मांसामाशातून मिळतं. जादूबिदू काही नाही. लागोपाठ दहा वेळा जीव खाऊन धावायचं असेल, तर आठव्या-नवव्या वेळी अंगात थोडं जास्त उरतं, इतकंच. पण फुटबॉलचा सामना हातातून जातो तो त्या आठव्या-नवव्या वेळीच. मला ते पटलं. लिफ्टचंही तसंच असतं. सकाळी रिकामी असताना कुठलीही लिफ्ट छान चालते.

डबा स्वयंपाकघरात, मिठाच्या आणि साखरेच्या बरण्यांच्या मध्ये ठेवला गेला आणि तिथेच राहिला. बायको एका हॉटेलच्या लाँड्रीत कामाला आहे, पहाटे निघते. निघायच्या आधी भिंगरीसाठी लिंबाचं सरबत करून त्यात चमचाभर पावडर ढवळून ठेवायची, हे कधी तिच्या अंगवळणी पडलं ते कुणालाच आठवत नाही. नणंद-भावजयींचं तसं गूळपीठ आहे. दोघी मिळून माझ्या खोड्या काढतात तेव्हा तर विचारू नका. पावडर थंड पाण्यात पुरती विरघळत नाही, तळाशी बारीक वाळूसारखी बसते, हे बायकोला ठाऊक नव्हतं. ती ढवळायची आणि पर्स उचलून जायची. ग्लासाचा तळ बघत बसणारे आम्ही दोघंच.

आता मुद्द्याचं. आठवड्यातून तीनदा मला यंत्राला जोडतात. डाव्या हातातली नस फुगून दोरीसारखी झाली आहे. चार तास रक्त बाहेर जातं, धुऊन परत येतं, आणि घरी आल्यावर मी पिळून वाळत टाकलेल्या कपड्यासारखा पडून राहतो. यावर खरा इलाज म्हणजे कुणीतरी आपलं एक मूत्रपिंड देणं. आईवडील नाहीत. बायकोला स्वतःलाच मधुमेह, त्यामुळे ती पहिल्याच पायरीवर बाद झाली आणि त्याचा तिला इतका राग आला की डॉक्टरीणबाईंशी भांडली. राहिली भिंगरी. कुणी विचारायच्या आत हो म्हणाली. जेवताना, तोंडात घास असताना, ‘माझं घे की,’ इतकंच. मी नाही म्हटलं, तीनचार दिवस नाहीच म्हणत राहिलो, पण आतून सुटल्यासारखं वाटत होतं हे नाकारण्यात अर्थ नाही. मला जगायचं होतं. अजूनही आहे.

रक्तगट जुळला, बाकीचंही जुळलं. मग तिच्या रक्ताची साधी तपासणी झाली आणि घोडं अडलं. रक्तात क्रिएटिनिन नावाचा कचरा असतो, मूत्रपिंडं तो बाहेर टाकतात. तिच्या रक्तात तो हवा त्यापेक्षा जास्त निघाला. डॉक्टरीणबाई चष्मा काढून म्हणाल्या की हिचीच मूत्रपिंडं थोडी कमजोर दिसताहेत, अशा माणसाचं आम्ही घेत नाही. मग विचारलं, काही औषधं चालू आहेत का? भिंगरी नाही म्हणाली. त्यांनी आमच्याकडे पाहिलं. आम्हीही नाही म्हणालो. कुणी खोटं बोललं नाही. औषधं आमच्याकडे माझ्या पलंगाशेजारच्या खणात असतात, आणि तिथे तिचं काहीच नव्हतं. पावडर होती मिठासाखरेच्या रांगेत. स्वयंपाकघरातल्या वस्तूचं नाव डॉक्टरसमोर घ्यायचं असतं हे आम्हा तिघांपैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही. बाईंनी दीड महिन्याने पुन्हा रक्त तपासू म्हणून सांगितलं. तेव्हाही आकडा असाच आला तर विषय संपला.

परतताना बसमध्ये भिंगरीने माझा हात धरून ठेवला होता. पूर्ण रस्ता ती खिडकीबाहेर बघत रडत होती, आणि मी तिची समजूत काढत होतो. आपल्याला मिळायचं मूत्रपिंड हातचं गेलेलं असताना मीच दुसऱ्याची समजूत काढावी, याची मला तेव्हाही गंमत वाटली.

पंधरा दिवसांनी रविवारी फिजिओ भेटायला आला. भिंगरी सरावाला गेलेली. बायको इस्त्रीला बसली होती. हॉटेलात आठवडाभर दुसऱ्यांच्या चादरी करायच्या आणि रविवारी घरचे कपडे, तिचं आयुष्य इस्त्रीच्या टोकावर चाललंय असं तीच म्हणते. फिजिओने इकडचं तिकडचं झाल्यावर सहज विचारलं, ‘पावडर बंद केली ना तिने?’

मी म्हटलं, कशाला बंद करायची?

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने समजावून सांगितलं. ही पावडर शरीरात वापरली गेली की तिचा जो कचरा उरतो तो म्हणजेच ते क्रिएटिनिन. मूत्रपिंड बिघडलं की ते रक्तात वाढतं, आणि पावडर घेतली तरी वाढतं. मूत्रपिंडं ठणठणीत असली तरी. पावडर तीनचार आठवडे बंद ठेवली की आकडा जागेवर येतो. ‘म्हणजे हिची मूत्रपिंडं बिघडलीच असतील असं नाही,’ तो म्हणाला. ‘बंद करून बघायला पाहिजे. मी हे तिला गेल्याच आठवड्यात सांगितलंय. तिने तुम्हाला नाही सांगितलं?’

बायकोच्या हातातली इस्त्री माझ्या शर्टावर तशीच थांबली. वास यायला लागला तेव्हा तिने ती उचलली. फिजिओला आपण काय बोलून बसलो ते कळलं आणि चहाही न घेता तो निघाला.

गेल्याच आठवड्यात. आणि त्या आठवड्यात मी रोज सकाळी तिच्यासमोर बसलो होतो. रोज ग्लास फिरला होता, रोज तळ पुसला गेला होता.

खरं सांगायचं तर मला पहिल्यांदा राग आला, आणि तो चांगलाच आला. बसमधलं रडणं आठवलं. मग हळूहळू हिशोब लागायला लागला. मोठ्या शहरातल्या मोठ्या क्लबची प्रशिक्षक महिनाअखेरच्या सामन्याला येणार होती, खास भिंगरीला बघायला. भिंगरी सव्वीस वर्षांची आहे. दिवसभर सायकलवरून लोकांची पार्सलं पोचवते, संध्याकाळी सराव करते, आणि इतकी वर्षं घासल्यावर आता कुठे कुणीतरी बघायला येत होतं. आणि इथल्या तिच्या क्लबच्या डॉक्टरने तिला आधीच सांगून ठेवलं होतं की एका मूत्रपिंडावरच्या खेळाडूला सहसा कुणी उतरवत नाही. पोटात गुडघा बसला तर जबाबदारी कुणाची? हे तिनेच मला सांगितलं होतं, हसत हसत. तेव्हा वाटलं होतं तिने तो विषय निकालात काढलाय. हो म्हणताना तिला काय सोडावं लागणार ते नीटसं दिसत नव्हतं, आणि ते दिसायला लागलं तेव्हा नेमका हा आकडा मदतीला आला. आपण देणार होतो, पण डॉक्टर नाही म्हणाले. यात कुणाचा दोष नाही, कुणी वाईट नाही. मी तिच्या जागी असतो तर मीही रोज तो तळ पुसून खाल्ला असता.

बायकोला यातलं काही ऐकायचं नव्हतं. ती येऊ दे, आज विचारतेच, म्हणून फणफणत होती. मी म्हटलं, विचारायचं नाही. तिच्या पोटातली वस्तू आहे. ती दिली तर दिली, मागायची नाही. मागितली की ती देणं राहत नाही.

‘मग काय, टाळ्या वाजवू?’ बायको म्हणाली.

मी आवाज चढवला. या घरात मी क्वचित आवाज चढवतो, कारण चढवला की धाप लागते. तिने इस्त्री उभी केली, शर्टावरचा तपकिरी डाग निरखला आणि गप्प झाली. माझी बायको गप्प झाली की घाबरायचं असतं.

पुढच्या दोनतीन दिवसांतलीच गोष्ट. मी यंत्रावरून येऊन पडलो होतो, तिची दुपारची सुट्टी होती. स्वयंपाकघरात काहीतरी खुडबुड चालली होती, म्हणून भिंतीला धरत धरत गेलो. ओट्यावर वर्तमानपत्र पसरून तिने डब्यातली पावडर एका जुन्या पिशवीत ओतली होती, आणि डब्यात पिठीसाखर भरत होती. चमच्याने वर-खाली करून, डबा हलवून, पहिल्याइतकीच पातळी येईपर्यंत. काम ती नेहमीच नेटकं करते.

मी विचारलं हे काय चाललंय. तिने मान वर केली नाही. म्हणाली, ‘सरबतात साखर त्या मानाने कमी घालीन. चव तीच राहील.’

मी म्हटलं, हे फसवणं आहे. तिच्या अंगातून तिला न सांगता काहीतरी काढून घेण्यासारखं आहे. ती म्हणाली, आणि ती काय करतेय? मग तिने झाकण लावलं, डबा मिठासाखरेच्या मध्ये ठेवला आणि माझ्याकडे वळली. ‘तुला पटत नसेल तर तू सांग तिला. तू सांगितलंस की मी पावडर परत भरते. माझी काही हरकत नाही. पण ते तुझ्या तोंडाने सांग, की भिंगरे, मला नको.’

मी पलंगावर येऊन पडलो. ‘मला नको’ हे तीनचार वेळा मनात म्हणून पाहिलं. एकदाही खरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको सरबत ढवळून गेली. भिंगरी आंघोळ करून आली, बुटांच्या नाड्या सैल करत बसली आणि प्यायला लागली. मी तिच्यासमोर, माझ्या वाट्याच्या दोन घोट चहाची कपबशी घेऊन. शेवटचा घोट उरला. तिने सवयीने ग्लास फिरवला. आत फिरण्यासारखं काही नव्हतं. साखर केव्हाच विरघळली होती. ग्लासाचा तळ धुतल्यासारखा स्वच्छ दिसत होता, टेबलाच्या नक्षीपर्यंत. ती क्षणभर आत बघत राहिली असं मला वाटलं. मग तिचा फोन वाजला, पार्सलवाल्यांचा, तिने घोट घेतला आणि बोलत बोलत उठली. बोट तळाशी गेलं नाही. पण ते फोनमुळे की कशामुळे, ते मला सांगता येईना.

पुढचे काही आठवडे माझा जीव त्या ग्लासात अडकून राहिला. रोज वाटायचं आज बोलेल. ती बोलायची ते सगळं दुसरंच. कुठल्या इमारतीतली लिफ्ट बंद होती आणि ती पार्सल घेऊन किती मजले चढली, आणि हे सगळं माझ्यासारख्या कामचुकार लिफ्टवाल्यांमुळे कसं होतं. एका रात्री जेवताना म्हणाली, दीड किलो वजन उतरलंय. पावडरीने स्नायूंत पाणी साठून राहतं, ती बंद केली की उतरतं, हे फिजिओने सगळ्यांना सांगितलेलं होतं. बायकोच्या हातातला डाव पातेल्यावर आपटला. भिंगरी म्हणाली, बरं झालं, धावायला हलकं वाटतं. आणि भात मागून घेतला.

मग मी ठरवलं की सांगून टाकायचं. माझ्याकडून होत नव्हतं, तरी ठरवलं. फसवून मिळालेल्या मूत्रपिंडावर पुढची वीस वर्षं जगायचं, रोज सकाळी तिच्यासमोर बसून पाहिजे तेवढं पाणी प्यायचं, हे मला जमलं नसतं. घरात बायकोसमोर तोंड उघडणं शक्य नव्हतं, म्हणून एका संध्याकाळी मैदानावर गेलो. सराव चालला होता. फिजिओ शिट्टी वाजवायचा, मुली एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सुसाट पळायच्या, थोडा दम घ्यायच्या, पुन्हा शिट्टी. पहिल्या पाचसहा फेऱ्यांत भिंगरी सगळ्यांच्या पुढे होती. नंतर दोघी तिच्या बरोबरीला आल्या. शेवटच्या फेरीत ती तिसरी आली आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकून उभी राहिली. मी बाकावर बसून घेतलं. तिच्या पायातून काय निघून गेलंय ते त्या मैदानावर मला एकट्याला माहीत होतं. निदान तेव्हा तरी मला तसं वाटत होतं.

ती टॉवेल घेऊन शेजारी येऊन बसली. मी म्हटलं, ‘भिंगरे, ते सकाळचं सरबत असतं ना, त्यात...’

‘सरबत चांगलं होतं हल्ली,’ ती मधेच म्हणाली. ‘वहिनीला सांग, असंच करत जा.’

मी पुन्हा तोंड उघडलं. तिने टॉवेल माझ्या डोक्यावर टाकला, लहानपणी टाकायची तसा, आणि म्हणाली, ‘दादा, मला आता सामना खेळायचाय. तोपर्यंत माझं डोकं खाऊ नकोस.’ आणि पळाली. त्या घामट टॉवेलखाली मी बराच वेळ तसाच बसलो.

महिनाअखेरचा सामना झाला. मोठ्या क्लबची प्रशिक्षक आली होती. राखाडी जॅकेट घातलेली उंच बाई, पूर्ण वेळ उभी राहून बघत होती. पूर्वार्धात भिंगरीने समोरच्या बचावातल्या पोरीला इतकं नाचवलं की बिचारीचं मला वाईट वाटलं. एक गोल तिच्या पासवर झाला. शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत मात्र तीच पोरगी तिला गाठायला लागली. दोनदा चेंडू काढून घेतला. एकदा भिंगरी पुढे निघून गेली होती, समोर फक्त गोलरक्षक, आणि मागून येऊन त्या पोरीने पाय घातला. बायको माझ्या शेजारी बसली होती. तिने माझा दंड घट्ट धरला, नेमका फुगलेल्या नसेवर. मी तिचा हात काढला तेव्हा दिसलं, तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

‘ते माझ्यामुळे झालं,’ ती म्हणाली.

मी म्हटलं, पावडरीचं एवढं काही नसतं, फिजिओच म्हणतो. थकवा असतो, मन असतं, समोरची पोरगी चांगली असते. ती म्हणाली, गप्प बस. सामना बरोबरीत सुटला, आणि घरी येताना बसमध्ये आम्ही तिघं तीन खिडक्यांना बसलो.

चारपाच दिवसांत भिंगरीचं रक्त पुन्हा तपासलं गेलं. आकडा जागेवर आला होता. डॉक्टरीणबाईंना आश्चर्य वाटलं, मागच्या वेळी काय झालं असेल म्हणून त्या पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या. तेव्हा भिंगरीनेच सांगितलं की ती क्रिएटिन घेत होती, ते औषध नाही म्हणून बोलली नाही. घेत होती, असं म्हणाली. होती. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला आणि आम्हा सगळ्यांना यथेच्छ झापलं. मग म्हणाल्या, अजून बऱ्याच तपासण्या आहेत, स्कॅन आहे, पण सुरुवात छान झाली. मी बायकोकडे पाहिलं. एरवी अशी बातमी ऐकून तिने सगळ्या मजल्यावर पेढे वाटल्यासारखा आरडाओरडा केला असता. ती पायाखालच्या फरशा बघत होती.

घरी आल्यावर तिने पर्सही खाली ठेवली नाही. सरळ स्वयंपाकघरात गेली, डबा आणला आणि टेबलावर भिंगरीच्या पुढ्यात ठेवून झाकण उघडलं.

‘यात साखर आहे,’ ती म्हणाली. ‘मी भरली. दादाने नाही म्हटलं होतं, तरी भरली. त्या दिवशी त्या पोरीने तुला गाठलं ते माझ्यामुळे. तुला द्यायचं नसेल तर देऊ नकोस. मी तुझ्यावर कधी डूख धरणार नाही. पण हे असं माझ्याच्याने होणार नाही.’

मला तिला धरावंसं वाटलं, पण उठता आलं नाही.

भिंगरी डब्यात बघत होती. म्हणाली, ‘माहीत आहे.’

‘कधीपासून?’

‘पहिल्या दिवसापासून. साखर विरघळते, वहिनी. ती पावडर तळाशी बसते. दादाला विचार, त्याला सगळं दिसतं.’

बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी टेबलाच्या नक्षीकडे बघायला लागलो.

‘मग बोलली का नाहीस? तुला काय, क्लबात दुसरा डबा मिळाला असता.’

‘आहे की. माझ्या कपाटातच आहे.’ भिंगरीने झाकण उचललं आणि डब्यावर नुसतं ठेवलं, लावलं नाही. ‘फिजिओने सांगितलं ना, तेव्हापासून रोज ठरवायचे, उद्या बंद. आणि रोज सकाळी तू केलेला ग्लास समोर यायचा, की घेतला. बंद करवत नव्हतं आणि घेतलं की दादाच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. मग एक दिवस ग्लासात काही नव्हतंच. तू बंद करून टाकलं होतंस. मला नुसतं प्यायचं होतं. ते जमलं.’

मग तिने, वीजबिल भरल्याचं सांगावं तशा आवाजात सांगितलं की मोठ्या क्लबच्या प्रशिक्षकबाईंचा फोन येऊन गेला. शेवटची वीस मिनिटं सोडली तर खेळ आवडला, पुढच्या महिन्यात चाचणीला ये म्हणाल्या. भिंगरीने त्यांना सांगितलं की पुढच्या महिन्यात जमणार नाही, बहुतेक ऑपरेशन आहे. सहा-आठ महिन्यांनी येईन, पण एकच मूत्रपिंड असेल, चालतं का बघा. पोटाला पट्टा लावून खेळणारे खेळाडू असतात असं तिने कुठेतरी वाचलं होतं, तेही सांगितलं. बाई म्हणाल्या, आमच्या डॉक्टरांना विचारते.

‘आणि नाही म्हणाले तर?’ मी विचारलं. इतक्या वेळात मी पहिल्यांदाच काही बोललो.

‘तर तुला शिव्या घालीन,’ ती म्हणाली. ‘रोज. मरेपर्यंत. तू ऐकून घ्यायच्या.’ आणि तेव्हा मात्र तिचे डोळे भरून आले. ती हसत नव्हती. मला उगाच आशा दाखवावी असंही तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. आपलं काय चाललंय ते तिला स्वच्छ दिसत होतं आणि त्याचं तिला दुःख होत होतं. तरी ती देणार होती.

बायको उठली. तिला काय करावं ते सुचलं नाही की तिचे हात सवयीच्या कामाला लागतात. तिने लिंबू कापलं, सरबत केलं, मीठसाखर घातली, ढवळलं, आणि ग्लास नणंदेसमोर ठेवला. संध्याकाळची वेळ, सरबताची नव्हेच. भिंगरीने नाक पुसलं आणि सावकाश प्यायला लागली. मी नेहमीप्रमाणे बघत होतो. माझं त्या दिवसाचं पाणी दुपारीच संपलं होतं आणि जीभ टाळूला चिकटली होती.

शेवटचा घोट उरला. तिने ग्लास गोल फिरवला, आत पाहिलं, आणि तो टेबलावरून माझ्याकडे सरकवला.

‘घे,’ ती म्हणाली. ‘तळाशी काही नाही.’

मी बायकोकडे पाहिलं. माझ्या पाण्याचा थेंबन् थेंब मोजणारी ती बाई ओट्याकडे तोंड करून उभी होती आणि धुतलेलीच सुरी पुन्हा धूत होती. मी ग्लास उचलला आणि तो घोट प्यायलो.